टिकलीएवढी चकती आणि तिच्याभोवतीचं खळं

गणपती बोळवून दोनच दिवस झाले होते. सकाळी सात वाजता धाकट्या जावेचा, शैलाचा फोन आला. "वहिनी, मंदारला रात्रीपासून सणकून ताप आहे. अंग मोडून आलंय म्हणतो. तुमच्याकडे ती तीन गोळ्यांची पट्टी असेल ना?"

तीन गोळ्यांची पट्टी म्हणजे अझिथ्रोमायसिन, बॅक्टेरियांवरचं औषध, अँटिबायोटिक. आमच्या घराण्यात त्या औषधाचं खरं नाव माझ्याशिवाय कुणी घेत नाही. करोनात ती इतकी खपली की आता घरोघर फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या खाचेत तिचा मुक्काम असतो. (आमच्याकडे अंडी येत नाहीत, त्यामुळे जागा रिकामीच असते.)

"माझ्याकडे नाही, आणि असती तरी दिली नसती," मी म्हणाले.

शैलाला राग आला असणार. बत्तीस वर्षं मी बडोद्यात, रावपुऱ्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कल्चरचं, म्हणजे पेशंटच्या नमुन्यातले जंतू वाढवून बघायचं टेबल सांभाळलं. घरात कुणाला शिंक आली तरी पहिला फोन मला येतो, आणि मी नेमकी औषधालाच नाही म्हणते. कारेलीबागेतून रिक्षा करून दांडिया बाजारला पोचले, तोवर तिनं खालच्या केमिस्टकडून पट्टी आणवलीसुद्धा होती. डॉक्टरची चिठ्ठी मागितली नाही का त्यानं, असं विचारलं, तर तो म्हणे, "बेन, बधाने आ ज आपीए छीए." सगळ्यांना हेच देतो! पट्टीच्या पाठीवर उभी लाल रेघ ठळक दिसत होती. चिठ्ठीशिवाय हे औषध घेऊ नका, हे सांगायलाच ती रेघ असते.

मंदार पांघरुणात होता. डोळे लाल, डोळ्यांच्या मागे ठणकतं म्हणत होता. नाक वाहत नव्हतं, खोकला नव्हता. मी उशाशी बसून शैलाला समजावायला लागले आणि लक्षात आलं, की बत्तीस वर्षं रोज डोळ्यांनी जे पाहिलं ते घरात कधी कुणाला नीट सांगितलेलंच नाही. लॅबच्या गोष्टी पानावर काढायच्या नाहीत असा आमच्याकडे सासूबाईंचा नियम होता. माझं अर्धं काम लघवी आणि पुवाचं, तेव्हा नियम बरोबरच होता. इथे लिहायला मात्र हरकत नाही. जेवत असाल तर नंतर वाचा.

आमच्या कामाची सुरुवात अगारपासून. समुद्री शेवाळातून काढलेला हा पदार्थ तुम्ही चायना ग्रास म्हणून आणता आणि त्याचं पुडिंग करता. त्यावर जंतू वाढवावेत ही कल्पनासुद्धा स्वयंपाकघरातलीच. १८८१-८२च्या सुमाराला जर्मनीत रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत जिलेटिनच्या प्लेटा उबेनं पातळ व्हायच्या. तिथे काम करणाऱ्या वॉल्थर हेसेच्या बायकोनं, फॅनीनं, मी जेलीत अगार घालते ते वापरून बघा असं सुचवलं. कॉखनं आपल्या निबंधात अगारचा उल्लेख केला, फॅनीचा केला नाही. वैशाखात वीज गेलेल्या आमच्या खोलीत माणसं वितळायची बाकी असत, पण प्लेटा घट्ट राहत. तेव्हा मला या बाईची हटकून आठवण यायची.

तर काचेच्या झाकणबंद थाळीत अगारचा थर ओतायचा, चार मिलिमीटर जाडीचा. या चार मिलिमीटरबद्दल पुढे मला कबुली द्यायची आहे. पेशंटच्या नमुन्यातून आदल्या दिवशी वाढवलेले बॅक्टेरिया सलाईनमध्ये कालवून, ते पाणी जरासं गढूळ दिसू लागलं की कापसाच्या बोळ्यानं थाळीभर फिरवायचं. अंगण सारवावं तसं, आधी आडवं, मग उभं, मग तिरकं. त्यावर चिमट्यानं औषधाच्या चकत्या ठेवायच्या. चकती म्हणजे सहा मिलिमीटरचा कागदाचा गोल तुकडा. टिकलीएवढा. प्रत्येकीत एक औषध मोजून मुरवलेलं: ॲम्पिसिलिन १० मायक्रोग्रॅम, जेंटामायसिन १०, सिप्रोफ्लॉक्सासिन ५. मग थाळी उलटी करून रात्रभर इनक्युबेटरमध्ये, अंगाच्या उबेला.

सकाळी झाकण उघडलं की आधी वास यायचा. स्यूडोमोनस नावाच्या बॅक्टेरियाला चक्क द्राक्षांचा गोड वास असतो आणि थाळी हिरवट होते. प्रोटियस असला तर सगळ्या थाळीवर लाटा उठलेल्या, एखाद्यानं तळ्यात खडा टाकावा तशा. पण बघायचं असायचं ते चकतीभोवती. थाळीभर बॅक्टेरियांची साय धरलेली, आणि काही टिकल्यांभोवती स्वच्छ, नितळ गोल. चंद्राला खळं पडतं ना, अगदी तसं. इंग्रजीत त्याचं नाव लांबलचक आहे. मी नव्या मुलींना शिकवताना खळंच म्हणायची. चकतीतलं औषध अगारमध्ये पाझरतं, चकतीपासून दूर जाईल तसं विरळ होतं, आणि जिथवर त्याचा जोर पुरतो तिथवर बॅक्टेरिया उगवत नाहीत. पट्टी लावून व्यास मोजायचा आणि तक्त्यात बघायचं.

इथे सगळ्यांची एक ठरलेली चूक होते. रिपोर्ट हातात आला की नातेवाईक विचारतात, "यात सगळ्यात मोठं खळं कुणाचं? तेच द्या." अहो, तसं नसतं. व्हॅन्कोमायसिनचा रेणू अगडबंब, तो अगारमध्ये सरकतो सावकाश, त्याचं खळं लहानच येणार. प्रत्येक औषधाचा मापाचा आकडा वेगळा. एका औषधाचे १८ दुसऱ्याच्या २२पेक्षा भारी असू शकतात.

खळं पडतं म्हणजे नेमकं काय होतं, हे मला स्वतःलाही नोकरी लागल्यावर बऱ्याच वर्षांनी मनापासून कळलं. सयाजीराव विद्यापीठातून मायक्रोबायोलॉजी घेऊन बी.एस्सी. झाले तेव्हा पाठ होतं, पण कळलं नव्हतं. कळलं ते एका लघवीच्या नमुन्यामुळे. स्लाईड रंगवून मायक्रोस्कोपखाली ठेवली, तर नेहमीच्या आखूड काड्यांच्या जागी लांबच लांब दोरे. मला वाटलं बुरशी आहे. आमचे डॉक्टरसाहेब आले, बघितलं आणि म्हणाले, "बाईंनी घरातलीच एखादी कॅप्सूल घेतली असेल, विचार." विचारलं. सुनेची उरलेली सेफॅलेक्सिन, दोन वेळा घेतली होती.

त्याचं असं असतं. बॅक्टेरियाला बाहेरून एक भिंत असते. आपल्या पेशींना ती नसते. भिंत म्हणजे विणलेली बाज समजा: साखरेच्या रेणूंचे लांब दोर, आणि त्यांना आडव्या बांधणाऱ्या प्रथिनांच्या आखूड सुतळ्या. आत दाब इतका असतो की ही वीण नसेल तर बॅक्टेरिया फुगून फुटेल. वाढताना त्याला जुनी वीण थोडी थोडी सोडून नवी घालावी लागते, आणि सुतळीची गाठ मारायला त्याच्याकडे खास एन्झाइमं, म्हणजे पेशीतली कामकरी प्रथिनं असतात. पेनिसिलिनचा रेणू दिसायला त्या सुतळीच्या टोकासारखा असतो. एन्झाइम फसून त्याला धरतं आणि कायमचं अडकतं. सोडणं चालू, गाठ मारणं बंद. बाज खिळखिळी होते आणि बॅक्टेरिया फुटतो. सेफॅलेक्सिन त्याच घराण्यातलं. डोस अपुरा पडला की फक्त मधली भिंत घालणारं एन्झाइम अडकतं, म्हणून बॅक्टेरिया वाढत राहतो पण त्याचे दोन होत नाहीत. ते दोरे म्हणजे दुभंगायला न जमलेले बॅक्टेरिया होते. त्या दिवशी मी ती स्लाईड टाकली नाही, बरेच दिवस जपून ठेवली होती.

यातली मेख ही, की पेनिसिलिन मारतं ते वाढणाऱ्याला. नुसता पडून राहिलेला बॅक्टेरिया भिंत विणतच नसतो, तेव्हा त्याला त्याचं फारसं काही होत नाही. आणि मायकोप्लाझ्मासारख्या ज्या बॅक्टेरियांना मुळात भिंतच नाही, त्यांच्यापुढे पेनिसिलिन म्हणजे पाणी.

अलेक्झांडर फ्लेमिंगनं १९२८ साली लंडनमध्ये पाहिलं तेही खळंच होतं. सुट्टीहून परत आल्यावर, बुरशी पडलेल्या थाळीत. ती गोष्ट सगळ्यांना माहीत असते. मला जास्त भिडते ती पुढची, १९४१ची. ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी आणि चेन या शास्त्रज्ञांच्या गटानं आजार बरा करायला पेनिसिलिन पहिल्यांदा दिलं ते अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसाला. चेहराभर, डोळ्यात पू झालेला माणूस एका दिवसात सुधारायला लागला. पण जगातलं सगळं पेनिसिलिन चमचाभर. ते लघवीवाटे लवकर बाहेर पडतं, म्हणून त्याची लघवी गोळा करून, तीतून औषध परत काढून त्यालाच टोचत होते. पाच दिवसांत तेही संपलं. आजार उलटला आणि मार्चमध्ये तो गेला. आयुष्यभर लघवीच्या बाटल्यांवर नावं लिहिलेल्या माझ्यासारखीला त्या बाटल्या सायकलवर लादून नेणारी माणसं डोळ्यांसमोर येतात.

औषधांचा आमच्या गावाशी संबंध जुना. अलेंबिक इथे १९०७ साली निघाली, कलाभवनचे प्राध्यापक गज्जर, कोटिभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांच्या खटपटीतून. कोटिभास्कर हे नाव कानावर पडलं की दांडिया बाजारातली म्हातारी माणसं अजून जरा ताठ बसतात. पण बडोदेकरांनी खरं मिरवावं ते रायबोसोमवरून.

रायबोसोम म्हणजे पेशीतला प्रथिनं बनवणारा कारखाना. तो आपल्या पेशीत असतो, बॅक्टेरियातही असतो, पण दोन्हींची घडण थोडी निराळी. त्या थोड्या फरकावर अर्धा औषधविभाग उभा आहे. सोऱ्या डोळ्यांसमोर आणा, शेव पाडायचा. वरून पीठ, खालच्या भोकातून शेव. रायबोसोममधून प्रथिनाची साखळी अशीच एका बोगद्यातून बाहेर पडते. एरिथ्रोमायसिन आणि आपल्या शैलाची अझिथ्रोमायसिन त्या बोगद्याच्या तोंडाशी गुठळीसारखी बसतात. शेव दोन बोटं येते आणि अडते. टेट्रासायक्लिन बसतं वरच्या बाजूला, पीठ घालायच्या जागी. स्ट्रेप्टोमायसिन आणखी खोडकर, ते कारखान्याला चुकीचं वाचायला लावतं. मग जी प्रथिनं बनतात ती वाकडीतिकडी.

ही औषधं नेमकी कुठे बसतात याची अणूअणूची चित्रं २००० सालाच्या आसपास मिळाली. ती काढणाऱ्यांपैकी एक वेंकटरामन रामकृष्णन, ज्यांना २००९ साली स्टाइट्झ आणि योनाथ यांच्याबरोबर रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ते तीन वर्षांचे असल्यापासून बडोद्यात वाढले, इथल्याच कॉन्व्हेंटमध्ये शिकले, आणि १९७१ साली आमच्याच सायन्स फॅकल्टीतून फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले. त्यांचे वडील विद्यापीठात बायोकेमिस्ट्रीचे प्रमुख होते. नोबेल जाहीर झालं त्या संध्याकाळी लॅबमध्ये मी फाफडा-जलेबी वाटली. आमचा शिपाई म्हणाला, "तुमच्या नात्यातले का?" म्हटलं, कामाच्या नात्यातले.

स्ट्रेप्टोमायसिनचं नाव घेतलं की मला माझी आत्या दिसते. १९६०च्या दशकात तिला टीबी झाला. रोज एक इंजेक्शन, कित्येक महिने. टीबी बरा झाला, पण नंतर जन्मभर ती भिंतीला हात लावत चालायची. अंधारात तर पाऊल टाकायची नाही. घरात सगळे म्हणत, अशक्तपणा राहिला. तो अशक्तपणा नव्हता. तोल सांभाळणारा कानाच्या आतला भाग त्या औषधानं दुखावला होता. आपल्या पेशींतली जी वीजघरं, मायटोकाँड्रिया, ती कोट्यवधी वर्षांपूर्वी पेशीत शिरलेल्या बॅक्टेरियांची वंशज. त्यांचे रायबोसोम अजून बॅक्टेरियांच्या वळणाचे आहेत. औषधानं घर चुकण्याचं एक कारण हे आहे. आत्या जाऊन वीस वर्षं झाली, आणि वाड्यातल्या त्या भिंतीवर तिच्या हाताच्या उंचीला तेलकट पट्टा होता तो पुढे रंग देताना गेला.

बाकीची औषधं आटोपशीर सांगते. सल्फा बॅक्टेरियांचा फॉलिक ॲसिडचा कारखाना अडवतं. आपण फॉलिक ॲसिड पालेभाजीतून घेतो, घरी बनवत नाही, म्हणून आपलं अडत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन डीएनएचा पीळ सोडवणारं एन्झाइम पकडतं. टीबीची रिफाम्पिसिन आरएनए लिहिणाऱ्या एन्झाइमला, आणि जाता जाता लघवी केशरी करते. त्या रंगानं घाबरलेल्या लोकांची मी किती समजूत काढली असेन!

म्हणजे एकेक औषध एकेका ठिकाणी बसतं. ज्याच्याकडे ते ठिकाण नाही, त्याला त्या औषधाचं सुतक नाही.

आता कबुली. वर्ष सांगत नाही. महिनाअखेर होती, अगारची पावडर संपत आली होती, आणि मी चार प्लेटांचं अगार सहा प्लेटांत ओतलं. थर पातळ झाला. पातळ थरात औषध खाली जायला जागा नसते, ते बाजूला जास्त पसरतं आणि खळं मोठं येतं. हे मला माहीत होतं. एका आजोबांच्या लघवीतल्या ई. कोलाय या बॅक्टेरियाला जेंटामायसिनचं खळं १६ मिलिमीटर आलं. तेव्हाच्या तक्त्यात १५च्या पुढे सेन्सिटिव्ह, म्हणजे औषध लागू पडणार. मी तसं लिहिलं. तीन दिवस इंजेक्शनं झाली, ताप हटेना. चौथ्या दिवशी त्यांच्या डॉक्टरांचा फोन आला, आवाज अगदी शांत होता, त्यानं जास्त लागलं. ठेवलेला नमुना मी नीट चार मिलिमीटरच्या थाळीवर पुन्हा लावला. खळं १२. रेझिस्टंट, म्हणजे औषधाला दाद न देणारा. आजोबा दुसऱ्या औषधानं बरे झाले, पण त्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत मी प्रत्येक बॅचमधली एक प्लेट सुरीनं कापून जाडी मोजायची. मुली हसायच्या.

त्या १६च्या खळ्यात आणखी एक गोष्ट होती आणि तीही मी दुर्लक्षिली होती: काठाच्या आत तीन बारीक ठिपके. खळ्याच्या आत उगवलेला ठिपका म्हणजे त्या औषधाला न जुमानणारे बॅक्टेरिया. ई. कोलाय अनुकूल जागी वीस मिनिटांत दुप्पट होतो. एकाचे आठ तासांत १ कोटी ६७ लाखांवर. तुम्ही झोपता आणि उठता एवढ्यात. इतक्या नकला करताना कुठेतरी अक्षर चुकतं, आणि एखादी चूक नेमकी औषध बसायची जागा बिघडवते. मग बाकीचे मेले की सगळं रान त्या एकाला मोकळं. शिवाय बॅक्टेरिया या युक्त्या डीएनएच्या छोट्या कड्यांवर लिहून शेजाऱ्याला देतात, जातीबाहेरच्या शेजाऱ्यालासुद्धा. पेनिसिलिन तोडणारी कात्री अशीच गावभर फिरली. त्या कात्रीला गुंतवून ठेवायला अमोक्सिसिलिनबरोबर क्लॅव्हुलॅनिक ॲसिड देतात. 'क्लॅव' लावलेल्या गोळीतलं क्लॅव ते हेच.

नव्वदीच्या सुरुवातीला सिप्रोफ्लॉक्सासिनची चकती ठेवली की लघवीतल्या ई. कोलायला एवढं मोठं खळं पडायचं की शेजारच्या चकतीचं खळं त्यात मिसळायचं, मोजता यायचं नाही. मी निवृत्त झाले त्या सुमाराला त्याच चकतीला चिकटून बॅक्टेरियांची साय असायची. टिकली तीच, मध्ये एवढंच झालं होतं की घरोघरच्या फ्रिजची दारं भरली होती.

इतकं ऐकून शैला म्हणाली, "बरं मग, मंदारचं कल्चर करा. कुठली गोळी लागते ते तरी कळेल."

इथेच तर सगळं येऊन ठेपतं. मंदारला मला जो संशय होता तो व्हायरसचा, आणि व्हायरस त्या थाळीवर उगवतच नाही. कितीही सारवा, कितीही ऊब द्या, सकाळी थाळी कोरी. त्याला भिंत नाही, रायबोसोम नाही, फॉलिक ॲसिडचा कारखाना नाही. प्रथिनांच्या डबीत गुंडाळलेली एक चिठ्ठी, एवढाच त्याचा संसार. तो आपल्या पेशीत शिरतो आणि आपल्याच सोऱ्यातून आपली शेव पाडून घेतो. अझिथ्रोमायसिन त्याच्यासमोर ठेवली तर ती बसणार कुठे? बोगदाच नाही. ती बसते आपल्या पोटातल्या बिचाऱ्या बॅक्टेरियांच्या बोगद्यात, ज्यांनी कुणाचं काही बिघडवलेलं नसतं.

मग व्हायरसवर औषध करायचं तर अवघड. सोऱ्या बंद करावा तर तो आपला. हुडकायचं ते व्हायरसचं स्वतःचं असं एखादं अवजार. असं औषध मी स्वतः घेतलं आहे, दोन वर्षांपूर्वी, नागीण झाली तेव्हा. डाव्या बरगडीखाली आधी जळजळ, मग पुरळाचा पट्टा. शेजारच्या माई गेरू घेऊन हजर. "दोन्ही टोकं मिळू देऊ नकोस हं, मिळाली की माणूस जातं." टोकं सहसा मिळत नाहीत. हा कांजिण्यांचाच व्हायरस. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की तो मणक्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठीत झोपून राहतो, माझ्या बाबतीत पन्नासाहून जास्त वर्षं, आणि उठतो तेव्हा त्या एका मज्जातंतूच्या वाटेनं कातडीवर येतो. तो मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूला जातो. मधली रेघ ओलांडत नाही. गेरू मी लावून घेतला, माईंचं मन मोडवेना.

डॉक्टरांनी दिलं असायक्लोव्हिर, ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. मोबाईलवर पाच गजर लावले होते. हे औषध म्हणजे पाहण्यासारखी कारागिरी आहे. निरोगी पेशीत ते जवळजवळ निष्क्रिय पडून राहतं. त्याला कामाला लावणारा पहिला फॉस्फेट व्हायरसचं स्वतःचं एन्झाइमच जोडतं. म्हणजे चोराच्याच हातून दिवा लावून घ्यायचा. मग व्हायरस आपल्या डीएनएची माळ ओवत असतो, त्यात हा मणी खऱ्यासारखा दिसतो म्हणून ओवला जातो. पण या मण्याला भोक एकाच बाजूनं. पुढचा मणी ओवताच येत नाही, माळ तिथेच संपते. ओवणं चालू असतानाच याचा उपयोग, म्हणून पुरळ दिसल्यापासून तीन दिवसांच्या आत सुरू करायचं असतं. गाठीत झोपलेल्याला ते हात लावत नाही. माझा अजून तिथेच आहे.

ज्या गटानं हे औषध काढलं त्याच्या प्रमुख गर्ट्रूड एलियन. पीएच.डी. नव्हती, बाई म्हणून लॅबमध्ये नोकरी मिळत नव्हती, एका कंपनीत लोणच्यांची आंबटाई तपासत होत्या. १९८८ला नोबेल मिळालं. लॅबमध्ये माझ्या टेबलाच्या काचेखाली त्यांचा वर्तमानपत्रातला फोटो होता, अष्टविनायकांच्या शेजारी.

अशी नेमकी औषधं आता बरीच आहेत, पण प्रत्येक एकेका व्हायरसची, किंवा फार तर त्याच्या भाऊबंदांची. स्वाइन फ्लूच्या वेळचं टॅमिफ्लू घ्या. फ्लूचे नवे व्हायरस पेशीतून बाहेर पडताना तिच्या पृष्ठभागाला चिकटलेले असतात आणि स्वतःच्या कात्रीनं सुटतात. टॅमिफ्लू ती कात्री जाम करतं. पहिल्या ४८ तासांत दिलं तर अर्थ, नंतर सगळे सुटून गेलेले. हेपटायटिस सी तर आता काही आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा मुळासकट जातो. तो काळ मी पाहिला आहे जेव्हा त्याचा पॉझिटिव्ह रिपोर्ट द्यायला हात उचलत नसे. २०२१च्या एप्रिलमध्ये रेमडेसिविरसाठी ज्या रांगा लागल्या त्यांच्याबद्दल मात्र लिहायला नको वाटतं. ते नकला रोखणारं औषध, आणि रांगेतल्या पुष्कळांच्या घरचा पेशंट नकलांच्या पलीकडे जाऊन स्वतःच्याच शरीराच्या दाहाशी झुंजत होता.

डेंग्यूच्या व्हायरसवर असं कुठलंही औषध अजून नाही. मंदारला मी त्याच सकाळी डॉक्टरकडे नेलं, आणि त्यांनी लिहून दिलेलं रक्त आमच्या जुन्या लॅबमध्ये दिलं. मुलींनी दुपारी फोन केला: एनएस-वन पॉझिटिव्ह, म्हणजे डेंग्यूच. डॉक्टर म्हणाले, पॅरासिटामॉल, पाणी, ताक, शहाळं, रोज प्लेटलेटची मोजणी; ब्रुफेन आणि ॲस्पिरिन मुळीच नाही, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. ताप उतरला की सुटलो असं समजू नका, खरं लक्ष तेव्हाच ठेवायचं, पोटात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त यातलं काही दिसलं तर तडक दवाखाना. पाचव्या दिवशी ताप उतरला. प्लेटलेट ८२ हजारांपर्यंत खाली जाऊन वर आल्या. शैला दोन रात्री झोपली नाही, मीही नाही. नवव्या दिवशी मंदार उठून मकरपुऱ्याला कामावर जायची भाषा करायला लागला, तेव्हा आम्ही दोघींनी मिळून त्याला पुन्हा निजवलं.

परवा त्यांच्याकडे नवरात्राच्या सवाष्णीला गेले होते. दूध काढायला फ्रिज उघडला. तीन गोळ्यांची पट्टी अंड्यांच्या खाचेत होती. एक घर रिकामं.

"ही कुणी घेतली?"

"भाऊजी आले होते सुरतेहून," शैला म्हणाली. "त्यांचं पोट बिघडलं होतं."